तिसऱ्या शिफ्टचा जहागीरदार

सिनेमा दाखवणाऱ्या माणसाला सिनेमा दिसत नाही, हे कुणाला सांगून पटत नाही. या अंकाच्या संपादकांनाही पटलं नाही. ‘एवढी वर्षं प्रोजेक्टर चालवलात, तुमच्या आवडत्या सिनेमांवर लिहा,’ म्हणाले. मी म्हटलं, साहेब, लग्नातल्या आचाऱ्याला नवरी कशी होती ते विचारता का? त्याचं लक्ष चुलीवर असतं. माझंही सगळं लक्ष फिल्मच्या भोकांवर, बल्बवर आणि आवाजावर. पडद्यावर हिरो मेला की मला एवढंच कळायचं, की आता पुढचं रीळ चढवायला घ्यावं.

तरी एक सिनेमा मी अख्खा बघितला. तो इतका हळू चालायचा, की मशीनशी बसून मला दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही. त्याचं नाव मला कधीच नीट उच्चारता आलं नाही. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातला, काळा-पांढरा, बराच जुना. त्यात रक्त पिणारा एक जहागीरदार होता. आमच्या पिंपरीच्या कामगार वस्तीत त्या जहागीरदाराला जेवढी माणसं आपली भेटली, तेवढी त्याच्या देशातही भेटली नसतील.

मी मूळचा मोशीचा. घरी शेती होती, पण माझा जीव तारांमध्ये. जत्रेत तंबूतल्या टॉकीजवाल्याच्या हाताखाली मशीन चालवायला शिकलो, आणि पुढे एका ओतकामाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून चिकटलो. कंपनीने कामगारांसाठी एक हॉल बांधला होता आणि छोट्या फिल्मचा एक प्रोजेक्टर आणला होता. तो कुणाला चालवता येईना. मला येतो असं कळल्यावर मी आठवडाभर इलेक्ट्रिशियन आणि गुरुवारी ऑपरेटर झालो. गुरुवारी अशासाठी, की आमच्या कंपनीची आठवड्याची सुट्टी गुरुवारची. विजेचा ताण वाटला जावा म्हणून कारखान्यांना वेगवेगळे वार दिले होते. ही सुट्टी रात्री तिसऱ्या शिफ्टलाच संपायची. खेळ दुपारी असायचा, म्हणजे तिसऱ्या शिफ्टवाल्यांना तो बघून रात्री कामावर जाता यायचं.

या धंद्यात माझे दोन शत्रू. पहिला म्हणजे हॉलची पश्चिमेकडची खिडकी. बाकीच्या खिडक्या मी पोती आणि पुठ्ठे लावून बुजवल्या होत्या, पण या एकीला काहीही लावलं तरी टिकत नसे. दुपार कलली की तिच्यातून उन्हाचा एक तुकडा नेमका पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर येऊन बसायचा. हिरॉइन डावीकडे गेली की तिचं तोंड पुसलं जायचं. लोक ओरडायचे, ‘ओ ऑपरेटर, तिला उजवीकडं घ्या की.’

दुसरा शत्रू व्होल्टेज. शेजारच्या कारखान्याची सुट्टी वेगळ्या वारी. त्यांनी मोठी भट्टी चालू केली की आमच्याकडची वीज बसायची. पंखे मंदावायचे, बल्ब पिवळा पडायचा आणि प्रोजेक्टरची मोटर दमल्यासारखी फिरायची. मग पडद्यावरची माणसं पाण्यातून चालल्यासारखी चालू लागत आणि नाजूक नटीच्या गळ्यातून रेड्याचा आवाज येई. आमच्या पब्लिकला त्याची सवय झाली होती. नवीन पाहुणा आला तर त्याला शेजारचा सांगायचा, ‘भट्टी लागलीय, जरा दम धर.’

परदेशी फिल्म असली तर ती समजावून सांगायला आमच्याकडे माणूस होता. गेटवरचे टाइमकीपर जोगळेकर. पडद्याखाली उमटणाऱ्या इंग्रजी पाट्या वाचायच्या आणि माइकवर मराठीत सांगायचं, हे त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. माणूस सज्जन, आवाज खणखणीत, पण सगळा जन्म कार्डं पंच होताना बघण्यात गेलेला. त्यामुळे त्यांच्या सांगण्यात राजपुत्र लढाईवर न जाता ड्यूटीवर जायचा, आणि वनवास झालेल्या राणीला ते बिनपगारी रजेवर पाठवायचे.

आता सुदामबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट त्याची आहे.

सुदाम कांबळे भट्टीवर होता. लातूरकडचा, सहा फूट उंच, बोलायला कंजूष. तो कायम तिसऱ्या शिफ्टला. सुरुवातीला त्याला कारण होतं. त्याच्या एका खोलीत त्याचा आणि त्याच्या भावाचा असे दोन संसार होते. भाऊ दिवसा कामाला आणि रात्री झोपायला, सुदामचं उलट. खोली तेवढ्याने पुरायची. पुढे भावाला वेगळी खोली मिळाली, अडचण संपली, पण सुदाम तिसरीतच राहिला. दुसऱ्याच्या वाट्याला तिसरी आली की हा बदली मागून घ्यायचा. लोकांना हवंच होतं.

गुरुवारी तो न चुकता हॉलमध्ये यायचा आणि मागच्या भिंतीला टेकून झोपायचा. सिनेमाला येऊन झोपणारं माझं सगळ्यात इमानी गिऱ्हाईक. मारामारी चालू असो की गाणं, त्याची मान छातीवर. बायको कलावती बायकांच्या बाजूला बसायची, मांडीवर मुलगी मंदा.

एकदा त्यांच्या खोलीतला होल्डर जळाला म्हणून मी दुरुस्तीला गेलो. भरदुपार होती आणि आत मिट्ट काळोख. खिडकीला डांबरी कागद ठोकलेला, कडांना पट्ट्या मारलेल्या, उन्हाची एक रेघ आत येत नव्हती. मनात म्हटलं, माझ्या हॉलची खिडकी याने का नाही बुजवली? कोपऱ्यात सुदाम झोपला होता. मी बॅटरीच्या उजेडात काम करत होतो आणि कलावती माझ्याशी कुजबुजत बोलत होती. मला आधी वाटलं, नवरा झोपलाय म्हणून. मग आठवलं, ही दुकानात साखर मागतानाही असंच बोलते. दिवसा घरात आवाज करायचा नाही, हे तिच्या गळ्यात इतकं मुरलं होतं की तिचा खरा आवाज कसा आहे ते आमच्या खोल्यांच्या लाइनीत कुणालाच माहीत नव्हतं. उंबऱ्यावर मंदा एकटीच खडे खेळत होती. खाली फडकं अंथरलं होतं, खडे वाजू नयेत म्हणून.

‘भाऊ, तुमी सांगून बगा की ह्यांना,’ कलावती म्हणाली. ‘आता काय अडचण हाय? तरी तिसरीच. म्हणतात, राती डोळा लागत न्हाई. लेकरू मला विचारतंय, बाबा जागे कवा असतेत. दिवाळी झाली की मी जाणार बगा हिला घेऊन माझ्या भावाकडं. शाळंत पण तिकडंच घालते. तितं मोठ्यानं बोलता तर येतं.’

हे तिने रडून सांगितलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. बाजाराला जायचं ठरवावं तसं तिचं ठरलेलं होतं. मी सुदामला दुसऱ्या दिवशी गेटवर गाठून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, ‘व्हय’ म्हणाला आणि आत गेला. मला राग आला, पण भिंतीवर राग काढून काय उपयोग?

त्या दिवाळीच्या आधीचा एक गुरुवार. खेळ मारुतीच्या पौराणिक सिनेमाचा होता. पौराणिक असला की आमच्याकडे रीत ठरलेली. बायका पडद्याला हळदकुंकू लावायच्या, उदबत्ती ओवाळायच्या, आणि मग कुणीतरी नारळ फोडायचा. सगळं यथासांग झालं. मी दिवे घालवले आणि मशीन सुरू केलं.

पडद्यावर धुकं आलं. बराच वेळ धुकंच. मग एक गोठलेलं तळं. मग तळ्यापलीकडे एक काळाकभिन्न वाडा. बायकांनी हात जोडले होते ते तसेच राहिले. कुणीतरी म्हणालं, ‘लंका दिसतीय.’

मी डब्यावरची चिठ्ठी वाचली. मुंबईहून आमच्या फिल्मचे डबे आणि ऑफिसर लोकांच्या क्लबचे डबे एकाच टेम्पोतून यायचे. उतरवणाऱ्याने अदलाबदल केली होती. साहेबांच्या संध्याकाळच्या खेळासाठी मागवलेला निवडक परदेशी सिनेमा आमच्याकडे, आणि आमचा मारुती त्यांच्याकडे. मी क्लबवर निरोप धाडला आणि तोवर जोगळेकरांना खूण केली की सांभाळा.

जोगळेकरांनी माइक घेतला. पडद्यावर एक उंच, पांढऱ्या चेहऱ्याचा म्हातारा हातात मेणबत्ती घेऊन लांबलचक बोळातून चालला होता. तो चालतच होता. मी बाटलीतलं पाणी प्यायलो, बूच लावलं, तरी त्याचा बोळ संपला नव्हता.

‘हा इथला जहागीरदार,’ जोगळेकर म्हणाले. ‘सूर्य मावळला की याची ड्यूटी सुरू. सकाळ व्हायच्या आत परत.’

‘म्हंजी तिसरी शिफ्ट,’ पुढून आवाज आला.

‘कायमची तिसरी,’ जोगळेकरांनी पाटी वाचून सांगितलं. ‘उन्हात आला की संपला.’

‘अरे चाल की राव,’ दुसरा ओरडला. ‘ह्या चालीनं पंच कवा मारणार तू?’

शिट्ट्या सुरू झाल्या. जहागीरदार जेवत का नाही, असं कुणी विचारलं. जोगळेकर म्हणाले, ‘कँटीनला जात नाही. माणसाचं रक्त पितो.’ त्यावर लगेच उत्तर आलं, ‘मग आपल्या फोरमनचा पावना दिसतोय.’ सगळा हॉल हसून हसून लोटपोट झाला. फोरमनसुद्धा हसले.

मग सिनेमात एक बाई आली. वाड्यावर कामाला ठेवलेली विधवा. तिला सांगितलेलं, दिवसा एका खोलीकडे जायचं नाही, आणि वाड्यात आवाज करायचा नाही. ती दगडी फरशीवरून अनवाणी चालायची. भांडं ठेवताना खाली फडकं ठेवायची. त्या दिग्दर्शकाला घाई अशी नव्हतीच. ती एक भांडं ठेवेपर्यंत आपला श्वास अडकून राहायचा. इथे हॉलमधली गडबड आपोआप कमी होत गेली, आणि बायकांच्या बाजूने एक म्हातारी अगदी स्वच्छ म्हणाली, ‘अगं बया, हिच्या घरचा पण तिसरीलाच.’

हसू आलं, पण थोडंच. आमच्या लाइनीत अशी कितीतरी घरं होती. मी कलावतीकडे बघितलं. ती पुढे झुकून बसली होती. मग सवयीने मागच्या भिंतीकडे बघितलं, तर सुदाम जागा होता.

भट्टीवरच्या माणसाला गोंगाटात झोप लागते. मशीन थांबलं की तो दचकून उठतो. आजवरच्या सगळ्या गाण्यांनी आणि मारामाऱ्यांनी ज्याला झोपवलं, त्याला या सिनेमाच्या शांततेने उठवलं होतं.

तेवढ्यात क्लबचा शिपाई सायकलवरून मारुतीचे डबे घेऊन आला. साहेबांचा निरोप होता, ताबडतोब बदला. मी मशीन थांबवलं, दिवे लावले आणि लोकांना विचारलं, ‘मारुती आलाय. लावू का?’ मला वाटलं होतं, टाळ्या पडतील. ज्यांनी शिट्ट्या मारल्या होत्या ते पायाकडे बघत बसले.

म्हातारी म्हणाली, ‘नारळ फुटलाय. आता अर्ध्यावर उठायचं नसतं.’

‘पण आजी, नारळ मारुतीचा होता.’

‘पडदा तोच हाय न्हवं?’

शिपाई घाई करू लागला. साहेब चिडतील, नोकरीचा प्रश्न आहे. तेव्हा मागून सुदाम उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याला हॉलमध्ये उभं राहिलेलं मी फक्त घरी जाताना बघितलं होतं.

‘शेवट बगू द्या,’ तो म्हणाला. ‘त्याचं काय होतंय ते बगू द्या. मग न्या डबा.’

कलावतीने मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. मंदाही बघत होती, बाबा जागे कसे दिसतात ते. मी शिपायाला चहा प्यायला पाठवलं आणि दिवे घालवले.

शेवटचं रीळ मला अजून पाठ आहे. पहाट व्हायला आलीय. जहागीरदार त्याच्या खोलीत परत जायला निघतो आणि वाटेत थबकतो. ती बाई त्याच्या दाराशी बसल्या बसल्या झोपली आहे. तिला ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. तो तिच्याकडे बघत राहतो. मग बोळातल्या खुर्चीत बसतो. समोर खिडकी, तिची लाकडी झडप बंद. तो हात उचलतो आणि झडपेच्या कडीकडे नेतो.

आणि नेमकी शेजारची भट्टी लागली.

पंखे मंदावले. बल्ब पिवळा पडला. आधीच गोगलगाईच्या चालीचा सिनेमा, त्यात मोटर दमली. संगीताचा सूर खाली खाली जात जमिनीत गेल्यासारखा घुमू लागला. जहागीरदाराचा हात कडीच्या वीतभर अलीकडे, आणि पुढे सरकता सरकत नाही. एरवी मी हाताने मोटरीला मदत केली असती, पण माझे हात हललेच नाहीत. जोगळेकर माइक तोंडाशी धरून गप्प. आणि त्या शांततेत बायकांच्या बाजूने एक मोठा, भरदार, कुणी कधी न ऐकलेला आवाज आला.

‘उघड की रं एकदाची.’

सगळ्या माना वळल्या. कलावती होती. आपण बोललो हे तिला मागाहून कळलं असावं, कारण तिने तोंडावर पदर घेतला. कुणीही हसलं नाही.

पडद्यावर कडी निघाली. झडप उघडली, सगळा पडदा पांढरा झाला, आणि पांढरं ओसरलं तेव्हा खुर्चीत फक्त कोट होता. बाई जागी होते, उठते आणि वाड्यातल्या सगळ्या खिडक्या एकेक करून उघडत जाते. संपलं. शेवटी पाटी नव्हती. जोगळेकरांना काहीतरी सांगणं भाग होतं. ते घसा साफ करून म्हणाले, ‘सुटला. शिफ्ट सुटली त्याची.’

दिवे लावले तेव्हा सुदाम भिंतीशी नव्हता. दोन्ही सिनेमांचे डबे घेऊन शिपाई पळाला. क्लबमध्ये मग साहेबांच्या बायकांनी मारुतीचंच पहिलं रीळ लावायला लावलं आणि त्या उठायला तयार नव्हत्या, असं नंतर कळलं.

त्या रात्रीही सुदाम तिसरीला गेला. पुढेही जात राहिला. मी म्हटलं, सिनेमाने माणसं बदलत असती तर पौराणिक बघून आमची वस्ती एव्हाना वैकुंठाला गेली असती. दिवाळी आली. कलावतीने सामान बांधायला घेतलं, असं आमच्या घरून कळलं.

भाऊबीज होऊन गेल्यावर सुदाम हॉलवर आला. मी गुरुवारची तयारी करत होतो. त्याच्या काखेत एक गुंडाळी होती. ती त्याने टेबलावर ठेवली. डांबरी कागद होता, कडांना खिळ्यांची भोकं.

‘तुमच्या त्या खिडकीला लागंल,’ तो म्हणाला. ‘ऊन येतंय न्हवं?’

‘आणि तुझ्या खिडकीला?’

‘पहिली मागून घेतलीया. जोगळेकर सायबानं कार्ड बी बदललं.’

एवढं बोलून तो गेला. मागोमाग कलावती आली. दारातूनच कुजबुजली, ‘भाऊ, परत मागायला आले तर देऊ नका.’

आणि तो आला. साधारण महिन्याभराने, डोळे लाल, गाल बसलेले. रात्रभर आढ्याकडे बघत पडतो, दिवसा भट्टीपुढे डुलकी येते, एकदा हात भाजता भाजता वाचला, असं सांगत होता. ‘मला न्हाई जमत, भाऊ. कागद द्या.’ मला त्याची दया आली. भट्टीपुढची डुलकी काय असते ते मला ठाऊक होतं. देऊन टाकावा असंही वाटलं. पण कागद खिडकीला इतका फिट्ट बसला होता आणि माझ्या हिरॉइनी डावीकडे इतक्या मोकळ्या फिरत होत्या, की माझा स्वार्थ आणि कलावतीचं सांगणं दोन्ही एका बाजूला पडली.

‘खिळे ठोकलेत,’ मी म्हटलं. ‘आता काढला तर फाटंल. भट्टीपुढं डुलकी येते ते फोरमनला सांग. महिनाभर दुसरं काम मागून घे, पण कागद मागू नको.’

तो खिडकीपाशी गेला. कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, उपटतो आता. मग म्हणाला, ‘चांगला बसलाय,’ आणि निघून गेला.

त्यानंतर एकदा पुण्यात, चांगल्या थिएटरात, तोच सिनेमा लागल्याचं कळलं. मी मुद्दाम गेलो. व्होल्टेज पक्कं, मशीन सुरेख, खुर्च्या मऊ. शेवटी जहागीरदाराने हात उचलला आणि खिडकी उघडली, झालं. मला फसवल्यासारखं वाटलं. आमचा जहागीरदार असा सहजासहजी कडीपर्यंत पोचला नव्हता. शेजारी बसलेल्या एकाने विचारलं, कसा वाटला? मी म्हटलं, जरा घाईत आवरला.

आता तो हॉल नाही. प्रोजेक्टर भंगारात गेला तेव्हा मी सुट्टी टाकून घरी बसलो, बघवणार नव्हतं. पण तो कागद मागून न्यायला सुदाम परत कधी आला नाही. तो आता येणार नाही हे मला नक्की कधी कळलं, तेही आठवतं. हिवाळ्यातली दुपार होती. मी वायरची पिशवी घेऊन त्यांच्या लाइनीतून चाललो होतो. पहिली शिफ्ट सुटली होती. सुदामच्या खोलीची खिडकी सताड उघडी, आणि आतून कलावती त्याला झापत होती. मीठ आणायला सांगितलं होतं आणि हा तंबाखू घेऊन आला होता. आवाज लाइनीच्या टोकापर्यंत जात होता. मध्ये सुदाम काहीतरी बोलला. मग मंदा त्या दोघांच्याही वर आवाज चढवून ओरडली, की मीठ मी आणते, पण आधी माझे खडे द्या.

मला पुढे दोन खोल्यांचं काम होतं. तरी मी खांबाला टेकून उभा राहिलो, आणि भांडण संपेपर्यंत तिथून हललो नाही.